तपासणीच्या आधी चार दिवस

प्रत्येक लाल रेघेच्या शेवटी एक ठिपका होता. रेघ पट्टी ठेवून ओढलेली, सरळ, नावाच्या मधोमध; पण जिथे ती संपायची तिथे शाई किंचित फुगून कागदात उतरली होती. टाक उचलण्याआधी लिहिणाऱ्याचा हात तिथे क्षणभर थांबला असणार. अकिलाने पान खिडकीकडे कलतं केलं. अकरा नावं, अकरा रेघा, अकरा ठिपके.

तिने पुढच्या वर्षाचं पान काढलं. नऊ रेघा. पुन्हा जानेवारी, पुन्हा तोच आठवडा.

गुरुवारची शाळा सुटून अर्धा तास झाला होता. डोहवाडीची शाळा दोन खोल्यांची, राहूहून कच्च्या रस्त्याने तीन मैलांवर. सोमवारी तपासणी होती, म्हणून कपाट आवरायचं काम तिच्याकडे आलं होतं. वरच्या फळीवर जिल्हा परिषदेची नवी रजिस्टरं, अजून कोऱ्या कागदाचा वास असलेली. खालच्या फळीवर जुनी, फेकायची राहून गेलेली. जुन्यांच्या पुठ्ठ्यावर मुकुट छापलेला होता, नव्यांवर नव्हता. आतले रकाने मात्र तेच होते, त्याच क्रमाने. शेवटून दुसरा रकाना, ‘नाव कमी केल्याचे कारण’, दोन्हींत सारख्याच रुंदीचा होता.

त्या रकान्यात काय लिहितात तेवढंच पाहायला तिने जुनं रजिस्टर उघडलं होतं. सोमवारपासून तिच्या पिशवीत एक चिठ्ठी होती. तिच्यावर तिच्या वर्गातली सहा नावं होती आणि खाली हेडगुरुजींच्या अक्षरात ‘शनिवारपर्यंत कमी करणे’. चिठ्ठी ती दिवसातून दोनदा काढायची, वाचायची आणि पुन्हा घडी करून ठेवायची. घडीवर कागद आता विरायला लागला होता.

“बाई, झाली का यादी?”

बाळासो हेडगुरुजी दारात उभे होते. हातात चुन्याची बादली, कोपरापर्यंत पांढरे. शाळेच्या वाटेवरचे दगड ते दर तपासणीला स्वतः रंगवत.

“अजून नाही, गुरुजी.”

“सोमवारपास्नं काय चाललंय मग? सहा तर नावं. रेघ मारायची, ‘सततची गैरहजेरी’ लिहायचं, तारीख टाकायची. तुमच्या त्या सायन्सपेक्षा सोपं हाय.”

“भामा एकही दिवस गैरहजर नाही.”

“हजर असती, पण बोलती का? मागच्या साली साहेबांनी काय अवघड विचारलं होतं? गाईला पाय किती. पोरगी अशी बघत ऱ्हायली, जसं काय जल्मात गायच बघितली न्हाई. साहेब माझ्याकडं बघून हसले. आता गाईचे पाय का माझ्या हातात हायेत?”

“पाटीवर लिहिते ती. सगळं लिहिते. वर्गात कुणी लिहीत नाही इतकं.”

“साहेब पाटी बघत न्हाईत, बाई. तोंडी विचारतात.”

अकिलाने रजिस्टरचं पान पुन्हा सरळ केलं. “पण हे करायचं कशासाठी?”

हेडगुरुजींनी बादली खाली ठेवली. प्रश्न त्यांना खरोखरच नवा असावा. “कशासाठी म्हंजी? करत्यात. पोपटराव गुरुजी करायचे, त्यांच्या आधीचे करायचे. तपासणी झाली की नावं परत घालायची. कुणाचं काय जातं त्यात?” मग त्यांनी आवाज उतरवला. “आन् हे बघा, मी तुमच्या चांगल्याचं सांगतो. जूनला ट्रेनिंगला आपल्या भागातनं एकच बाई पाठवणार हायेत. शिफारस हे साहेब लिहिणार, ती सोमवारी तुमचा वर्ग बघून. अनट्रेंड बाया पुढच्या साली ठेवणार न्हाईत. ते सर्क्युलर तुम्हीच वाचून दाखवलंत मला. तुमच्या घरात मिळवतं दुसरं कोण हाय?”

ते खरं होतं. अकिलाचे वडील मेहमूद दौंडच्या लोको शेडमध्ये होते. त्यांच्या क्वार्टरमध्ये राहून ती मॅट्रिक झाली, पुण्यात इंटर सायन्सपर्यंत गेली. ते वारले तेव्हा कॉलेज आणि क्वार्टर एकाच महिन्यात सुटलं. दीड वर्षापूर्वी ही तात्पुरती नोकरी मिळाली होती, जुलैत संपणारी.

“करते,” ती म्हणाली.

हेडगुरुजी गेले. बाहेर कुंचला दगडावर आपटल्याचा ओला आवाज येत राहिला.

तिला जागेवर बसवेना. उठून तिने सगळी जुनी रजिस्टरं खाली काढली, जमिनीवर वर्षांच्या क्रमाने मांडली, आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेन्सिलने दोन रकाने आखले. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात कमी केलेली नावं एका बाजूला. त्यांतली पुढच्या दोन महिन्यांत परत आलेली दुसऱ्या बाजूला. एकोणीसशे तीसपासून चाळीसपर्यंत. हेडगुरुजी खोटं बोलत नव्हते. नावं परत यायची, पण सगळी नाही. कमी केलेली चौऱ्याऐंशी. परत आलेली एक्कावन्न. न आलेली तेहतीस. तेहतिसांतल्या मुली तिने वेगळ्या मोजल्या. पस्तीस सालच्या पानावर तिने एक नाव आधी मोजलं आणि मग वाचलं.

शहजादी बाबुलाल शेख. इयत्ता दुसरी. सततची गैरहजेरी.

त्या वर्षीचा हजेरीपट त्याच गठ्ठ्यात होता. हजर दिवसाला तिरकी काडी, गैरहजर दिवसाला टिंब. जूनपासून जानेवारीपर्यंत शहजादीच्या ओळीत काड्याच काड्या होत्या, गवतासारख्या दाट. टिंबं दोन.

अकिलाने बेरीज पुरी केली. मुली सत्तावीस. मग तिने पेन्सिल ठेवली.

*

घरी अम्मा ओसरीवर बियाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. अकिलाने पिशवी खुंटीला लावली, पाणी प्यायली, तांब्या जागेवर ठेवला, पुन्हा उचलला.

“काय गं, इंचू चावल्यावानी का करतीस?”

“अम्मा, तू शाळा का सोडलीस?”

“आज काय काढलंस ह्ये?” अम्मा हसली. “मला कुठं डोकं व्हतं शाळंचं. औटकी म्हनताना अडकायची मी. पाच औट साडेसतरा, हितवर बराबर. सहा औट म्हनलं की जीभच उचलायची न्हाई.”

साडेतीनाचा पाढा. सहा औट एकवीस. अकिलाच्या मनात आकडा आपोआप येऊन उभा राहिला. “पण रोज जायचीस ना?”

“रोज म्हंजी? ताप आसला तरी जायची. बाबुलालची पोरगी शाळंत जाती म्हनून लोक बघाया यायचे, तमाशा आल्यावानी.” शेंग फुटली, दाणे सुपात पडले. “मग तपासनी आली. गुर्जी म्हनले, शहजादी, चार दिवस घरीच ऱ्हा, मी बोलावतो. ऱ्हायले.”

“मग?”

“मग काय. रोज सकाळी पाटी धुवायची आन् उन्हात ठिवायची. बोलावनं आलं तर पाटी तयार पायजे. शिमगा झाला तवा अब्बा म्हनला, आता शेळ्या घिऊन जा.”

“गुरुजींना विचारलं नाहीस, का बोलावलं नाही म्हणून?”

“त्येंला काय विचारायचं? डोकं आसतं तर बोलावलं नसतं का त्येंनी?” अम्माने सूप पाखडलं. टरफलं उडून अकिलाच्या पायाशी आली. “त्या मान्साला बोल नको लावू. तुझं नाव घालाया सवता आलते. हितं, ह्या उंबऱ्यावर बसले. म्हनले, शहजादी, पोरगी मला दे. मी चा केला तर चा सुदिक न्हाई घेतला. गुळाचा व्हता, म्हनून नसंल घेतला.”

अकिलाने टरफलं गोळा केली, चुलीपाशी नेऊन ठेवली, आणि ती पेटवायची राहूनच गेली.

*

शनिवारी सकाळची शाळा. पोरं पाढे म्हणत होती आणि अकिलासमोर हजेरीपट उघडा होता. शेजारी पट्टी, लाल शाईचं पेन. तिने पट्टी भामाच्या नावावर ठेवली. पेनाचं टोक कागदाला लावलं.

भामा पहिल्या रांगेत होती. नदीच्या अलीकडच्या धक्क्यावर राहणारा कोंडिबा, जो शिरूर तालुक्यातली माणसं होडीतून या काठाला आणायचा, त्याची मुलगी. पाढ्यांच्या गलक्यात तिचे ओठ मिटलेले असायचे, पण तिची पाटी सगळ्यांच्या आधी भरायची. ती आता पाटी बघत नव्हती. पेनाकडे बघत होती.

टोक जिथे टेकलं होतं तिथे शाई उतरायला लागली. ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. अकिलाने पेन उचललं, पट्टी उचलली आणि हजेरीपट मिटला.

शाळा सुटल्यावर हेडगुरुजींनी सहा जणांना ओसरीवर उभं केलं. त्यांचा आवाज मायाळूच होता. “पोरांनो, चार दिवस घरी ऱ्हायचं. मज्जा करायची. मी बोलावतो मग.”

अकिला दारात खडूची पेटी घेऊन उभी होती. शब्द तेच होते, जवळजवळ त्याच क्रमाने. पाच पोरं उड्या मारत पळाली. भामा उभीच राहिली आणि तिने अकिलाकडे पाहिलं. अकिला पेटीतले खडू मोठे एका बाजूला, लहान एका बाजूला लावायला लागली. मान वर केली तेव्हा ओसरी रिकामी होती.

“रेघा ऱ्हायल्यात, बाई.”

“करते, गुरुजी.”

*

रविवारी ती राहूला चालत गेली. वाटेत दोनदा परत फिरली. एकदा ओढ्यापाशी, एकदा उसाच्या बांधावरून. दोन्ही वेळा शंभरेक पावलं मागे गेली आणि पुन्हा वळली.

पोपटराव गुरुजी अंगणात बाजेवर बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड होत्या की त्यांतून डोळे दुसऱ्याच कुणाचे वाटत. त्यांनी तिला आवाजावरून ओळखलं.

“अकिला? ये. सारजा, चहा टाक गं, आपली अकिला आलीय. उद्या तपासणी ना? तयारी झाली?”

“गुरुजी, तपासणीच्या आधी नावं का कमी करायची?”

आत भांड्यांचा आवाज झाला.

“अजून करतात?”

“सहा आहेत.”

“सहा,” ते म्हणाले. “मी लागलो तेव्हा मलाही कारण माहीत नव्हतं. माझ्या हेडगुरुजींनी सांगितलं, मी केलं. पुढे एकदा धीर करून विचारलं तेव्हा कळलं. फार पूर्वी, त्यांच्याही आधी, सरकारची ग्रँट निकालावर मिळायची. साहेब घोड्यावरून यायचा, एकेक पोर उभं करून विचारायचा. जेवढी पास, तेवढ्यांची ग्रँट. न येणारं पोर उभं करणं म्हणजे मास्तरने आपल्याच पोटावर पाय देणं. मग अशी पोरं त्या दिवशी पटावरच नसायची.” ते थांबले. “ती पद्धत माझ्या आधीच गेली होती. मी आलो तेव्हा ग्रँटचा त्याच्याशी संबंध उरला नव्हता. नुसता शेरा उरला होता.”

“मग तुम्ही का केलंत?”

“शेरा चांगला पडायचा.”

इतकं सरळ उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. तिने पिशवीतून चिठ्ठी काढली. “मी मोजलंय, गुरुजी. तीसपासून चाळीसपर्यंत.”

“मला दिसत नाही. वाच.”

तिने वाचलं. चौऱ्याऐंशी. एक्कावन्न. तेहतीस. प्रयोगाची निरीक्षणं वाचावीत तसं, एका सुरात, जेणेकरून आवाज हलू नये.

“त्यांत मुली?” त्यांनीच विचारलं.

“सत्तावीस.”

सारजाबाई चहा ठेवून गेल्या. कपाला कुणीच हात लावला नाही.

“पस्तीस साली एक शेख होती,” गुरुजी म्हणाले. अकिलाने नाव उच्चारलं नव्हतं. “सहा औटाला अडकायची. पोरगी हुशार होती. लिहायला दिलं असतं तर तिसाचा पाढाही लिहिला असता. पण साहेबांपुढे उभं करायचं म्हणजे... त्या वर्षी शेरा पडला, ‘मुलांची तोंडी तयारी उत्तम.’ मी तिला बोलावतो म्हणालो होतो. उद्या बोलावू म्हणत राहिलो. मग वाटलं, आणली तर पुढच्या जानेवारीत पुन्हा काढावी लागेल. पुन्हा तिला तेच सांगायचं. ते तोंडातून निघालं नसतं, म्हणून बोलावलंच नाही. मग एकदा ती शेळ्यांमागे दिसली. मी वाट बदलली.”

अकिला चिठ्ठीची घडी घालत होती. कागद घडीवर फाटला.

“बारा वर्षांनी गेलो तुमच्या दारात.”

“चहा घेतला नव्हता तुम्ही,” ती म्हणाली. “अम्माला वाटतं, गुळाचा होता म्हणून.”

“नाही गं.” त्यांचा हात बाजेच्या सुंभावरून उगीच फिरत राहिला. “तिने जुनं काही काढलं नाही, की राग दाखवला नाही. नुसती म्हणाली, माझ्यासारखी अडकायची नाही ना ही? घशाखाली उतरला असता का?”

चहावर साय धरली. शेवटी गुरुजींनीच विचारलं, “तू काय करणार आहेस? ट्रेनिंगची शिफारस त्याच्याच हातात आहे ना?”

“निघते, गुरुजी. ऊन चढेल.”

*

नवे साहेब तरुण होते. त्यांच्या हुद्द्याचं नाव आता विस्तार अधिकारी असं होतं, पण गाव त्यांना जुन्या सवयीने दिपोटी, म्हणजे डेप्युटीच, म्हणत होतं. केडगाव स्टेशनवरून एस.टी.ने राहू आणि तिथून सायकलने आल्यामुळे त्यांच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत धूळ होती. ते हसून बोलत होते. हेडगुरुजींच्या खांद्यावरचा चुना मात्र घाईत पुसायचा राहिला होता.

अकिलाच्या वर्गात फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात हेडगुरुजींनी सकाळीच येऊन आपल्या वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं: ‘पट ३१. हजर ३१.’ टेबलावरचा तिचा हजेरीपट त्यांनी उघडून पाहिला नव्हता. त्यांचा तिच्यावर विश्वास होता.

पोरांनी पाढे म्हटले. साहेबांनी तोंडी गणितं घातली, उत्तरं आली. नद्या विचारल्या, नद्या आल्या. अकिला खिडकीजवळ उभी होती. हाताला काही काम नव्हतं म्हणून ती गजावरचा गंज नखाने काढत होती. गज मोजले, सात. पुन्हा मोजले.

तेव्हा तिला वाटेवर भामा दिसली. ताज्या रंगवलेल्या दोन दगडांच्या मध्ये, जमिनीवर, फ्रॉक गुडघ्यांवर ओढून बसलेली. शाळेच्या पायरीपासून चार हात लांब. आत यायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आत आली नव्हती. मांडीवर पाटी होती. ती नुकतीच धुतलेली असावी. मधली वाळून करडी झाली होती आणि लाकडी चौकटीच्या कडेने अजून काळी ओल होती. भामाने पाटी उचलली, उन्हाकडे वळवली आणि पुन्हा मांडीवर ठेवली.

हेडगुरुजींनाही ती दिसली. त्यांनी साहेबांच्या पाठीमागून अकिलाला हाताने खूण केली. हाकला तिला.

साहेब फळ्याकडे वळले. “एकतिसांपैकी एकतीस. वा. खेड्यात अशी हजेरी बघायला मिळत नाही, हेडगुरुजी.”

“बाईंची मेहनत हाय, साहेब.” हेडगुरुजींचा चेहरा खुलला. “इंटर सायन्स हायेत. आमच्याच शाळेच्या विद्यार्थिनी.”

“असं?” साहेबांनी खुर्ची ओढली, शेरेबुक समोर घेतलं आणि पेनाचं टोपण काढलं. “ट्रेनिंगसाठी तुमचंच नाव आहे ना, बाई? चांगलं आहे. लिहून टाकतो.” पेन कागदावर टेकलं. “तर पट एकतीस, हजर एकतीस.”

अकिला खिडकीपासून निघाली. टेबलापर्यंत पाच पावलं होती. तिने हजेरीपट उघडला, साहेबांच्या समोर शेरेबुकावर ठेवला आणि भामाच्या ओळीवर बोट ठेवलं, जिथे शनिवारपर्यंत काड्याच होत्या आणि नावावर एक लाल ठिपका होता. रेघ नव्हती.

“पट सदतीस आहे, साहेब,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा आला. मागच्या रांगेतली चुळबुळ थांबली. “पाच जण घरी आहेत. ते गैरहजर नाहीत, आम्हीच त्यांना घरी बसवलंय. सहावी बाहेर आहे. ती बोलत नाही, लिहिते. तिला पाटीवर विचारा.”

हेडगुरुजींनी काही म्हणायला तोंड उघडलं होतं. अकिला त्यांच्याकडे न बघता दारापर्यंत गेली.

“भामा,” तिने हाक मारली, “तुला बोलावलंय. आत ये.”